बिनठिपक्यांची अंडी

"पण न फोडता कळायचं कसं, एवढंच सांगा ना बाबा!"

दयानंदनं हा प्रश्न सकाळपासून सातव्यांदा विचारला. नूरशाबाबांनी सातव्यांदा चिलीम झटकली.

"अंडं हातात आहे ना तुझ्या?"

"आहे."

"मग अजून काय पाहिजे?"

दयानंदनं दात आवळले. पशुवैद्यकीच्या परीक्षेत पहिला आलेला माणूस तो. तालुक्याला त्याच्या नावाची पाटी होती. आणि तीन महिने झाले, माळावरच्या या तकियात तो एका फकिराच्या लावा पाखरांची शीट काढत होता. कारण पंचक्रोशीत बोलवा अशी, की बाबांनी उबवायला निवडलेलं लाव्याचं अंडं कधी दगा देत नाही. असंच एक अंडं बैलगाडीखाली आलं तेव्हा चाकाचा आरा मोडला म्हणे. ते चाक कुणी पाहिलेलं नाही, पण शपथा घेणारे भरपूर आहेत.

अडचण एवढीच, की पिंजऱ्यातली लावी अंडी घालते आणि विसरून जाते. उबवायला ठेवावी लागतात ती खुडूक झालेल्या गावरान कोंबडीखाली. अंडं अंगठ्याच्या पेराएवढं, कोंबडी दीड शेराची. कवच पातळ निघालं, की ती टेकल्याबरोबर… चुक्क.

बाबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "या टोपलीतली बारा निवड. कोंबडीचा भार सोसतील अशी. जमलं तर माझा शागीर्द म्हणून राहा. नाही जमलं, तर सहाची एसटी आहे."

दयानंदनं अंडी मिठाच्या पाण्यात सोडून पाहिली. सोनाराच्या काट्यावर तोलली. दोन-दोन कानाशी धरून एकमेकांवर हलकेच टिचकावली. एकच अंडं एकदा घट्ट वाटे, एकदा पातळ. शेवटी बॅटरीच्या उजेडावर धरली, तर कवचावर हे काळेकरडे ठिपके! तडा कुठला नि ठिपका कुठला, देव जाणे.

"हे ठिपके मधे येतात, बाबा!"

"त्यांनाही तू मधे आल्यासारखा वाटत असशील."

दयानंदनं हातातली बॅटरी जरा जोरातच खाली ठेवली.

दुपारी मात्र त्याला युक्ती सुचली. साडेपाच वाजता तो ताटली मिरवत आला. ताटलीत बारा अंडी, मोगऱ्याच्या कळ्यांसारखी पांढरीशुभ्र.

"लिंबाच्या रसात भिजवून घासली. ठिपके गेले! आता बघा, उजेड आरपार जातो. एकालाही तडा नाही. आणि फोडलं एकही नाही."

बाबांनी एक उचललं. अंगठ्यानं हलकेच दाबलं.

अंडं फुटलं नाही. आत गेलं. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"फुटलं नाही, हे खरं," बाबा म्हणाले.

ठिपक्यांमागोमाग कवचही लिंबात विरघळलं होतं.

खुडूक कोंबडी चार दिवस अंड्यांऐवजी ठेवलेल्या बटाट्यांवर बसून होती, आणि बटाट्यांविषयी तिची काही तक्रार नव्हती. तिनं मान लांबवून ताटलीकडे एका डोळ्यानं पाहिलं. तो डोळाही मिटून घेतला.

दयानंदनं पिशवी भरायला घेतली.

"तीन महिने! तीन महिन्यांत एक सरळ उत्तर नाही! काय गेलं असतं हो तुमचं?"



बाबा उठले. दयानंदनं बाद ठरवलेली अंडी होती त्या टोपलीत त्यांनी हात घातला. तोंड दुसरीकडे, माळावर कुणाची तरी शेळी चरत होती तिकडे. बारा अंडी काढली, कोंबडी उचलली, बटाटे बाजूला केले, अंडी सारली. वर कोंबडी ठेवली.

ती फुलारली. हलली. मग अख्खा दीड शेर त्या अंड्यांवर सोडून बसली.

दयानंदनं कान टवकारले.

काही नाही. एकही चुक्क नाही.

सडकेवर एसटीचा हॉर्न वाजला. दयानंद पिशवी घेऊन दारात उभा, आणि पाय काही निघेना.

"बघितलीसुद्धा नाहीत तुम्ही! ती शेळी बघत होता! ही चांगली आहेत हे कशावरून?"

बाबांनी त्याचा हात धरला. तळवा उलटा करून उजेडात आणला.

"हे घट्टे कशाचे?"

"शिंपले कुटून आलेत. तुम्हीच लावलंत की मला त्या कामाला! पाखरांच्या दाण्यात शिंपल्याचा चुरा पडला नाही तर अंड्याचं कवच धरत नाही म्हणालात. रोज दोन ओंजळी कुटतोय."

"रोज?"

"एक दिवस चुकवला असेल तर सांगा!"

बाबांनी हात सोडला.

"मग अंड्यांची झडती कशाला घेत बसलायस?"