बोळातली थोरली चिमणी

'बोळ' आणि 'गल्ली' हे शब्द आपण हल्ली एकाच अर्थाने वापरतो; ते योग्य नव्हे. गल्लीतून बैलगाडी जाते. बोळात समोरून म्हैस आली, तर माणसाने पाठ भिंतीला लावून, पोट आत ओढून, तिला आधी जाऊ द्यावे लागते. एवढा भेद ध्यानात ठेवला की पुढचे नीट समजेल.

अशाच एका बोळाच्या टोकाला, एका गावात, केरबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. त्याच्यापाशी 'चिमणी' नावाची जुनी, इवलीशी मोटार होती. दोन्ही भिंतींशी वीत वीत अंतर राखून ती सुरकन अंगणात येई. केरबाचे स्मरण कच्चे. म्हणून कोणी शहाणपणाचे बोल सांगितले की तो उपरण्याला गाठ मारी. गाठ कधी सुटत नसे. ती कुठे सोडायची, एवढेच त्याला कळत नसे.

त्याच्या लेकीला, शालनला, सातवा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. पण विहीणबाईंचा निरोप आला : "त्या डबीत माझी सून गुडघे हनुवटीला लावून बसायची नाही. ऐसपैस गाडी आणा, नाहीतर बाळंतपण इथंच होईल."

तालुक्याला चिमणीचीच नवी, थोरली आवृत्ती आली होती. डोळे तसेच गोल, नाव तेच. अंग दुप्पट, किंमत तिप्पट. पारावर मतांना तोटा नव्हता.

"एवढी वाढली तर ती चिमणी कसली? घार झाली," गुरुजी म्हणाले.

"माणसं फुगली, मग गाडीनंच का वाळत बसावं?" न्हावी म्हणाला.

रामा शिंपी म्हणाला, "केरबा, नवी वस्तू चार बोटं मोठीच घ्यावी. धुतल्यावर आटते."

"बरोबर," केरबा म्हणाला. "मारली गाठ."

आणि त्याने थोरली चिमणी आणली. ती बोळाच्या तोंडाशी अडली. आरसे मिटले, तरी अडली. दोन्ही अंगांनी चार चार बोटे जास्त.

"अहो, ही आत येणार कशी?" बायको अनुसया म्हणाली.

"नवी आहे. आटेल."

आठ दिवस केरबा तिला रिठ्याच्या पाण्याने धूत होता. रोज संध्याकाळी शिंप्याची टेप लावून पाहत होता. नवव्या दिवशी अनुसयेने बादली हिसकावली. "अहो, लोखंड कुठं आटतं का? आटतं ते मऊ असतं!"

"बरोबर. मारली गाठ."

मग तो शालनला आणायला गेला. विहीणबाईंनी गाडीला प्रदक्षिणा घातली, मान डोलावली आणि डिंकाच्या लाडवांचा भला मोठा हारा पुढे केला. गाडी थोरली, डिकी मात्र होती तेवढीच. हारा मावेना. आसनावर ठेवावा, तर सून ऐसपैस बसायला हवी. केरबाने हात जोडले आणि हारा तिथेच ठेवून तो निघाला. गावात पोचल्यावर शालन भिंतीला धरून, बोळाची चाळीस पावले चालत घरी आली.

अनुसयेने कपाळाला हात लावला. "अहो, मावत नव्हतं तर सुटं करून थोडं थोडं आणायचं!"

"बरोबर. मारली गाठ."

दुसऱ्याच दिवशी त्याने तालुक्याचा मिस्त्री बोलावला. आधी दारे सुटी केली, मग चाके, मग इंजिन. सांगाडा मधोमध कापला. सगळे थोडे थोडे बोळातून आत आले, आणि पाचव्या दिवशी थोरली चिमणी अंगणात सांधून उभी राहिली. तिच्या मागे, भिंतीशी, जुनी चिमणी कोंडली गेली.

"आता कुठलीच बाहेर निघायची नाही," अनुसया पायरीवर बसत म्हणाली.

"पण आत आली की नाही?" केरबा म्हणाला.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, शालनला कळा सुरू झाल्या. ती अंगणात आली. दोन्ही गाड्यांकडे तिने एकदा पाहिले.

"बाबा, दारात दोन दोन गाड्या, आणि मी चालत जाऊ?"

केरबाने उपरणे चाचपले. यावर गाठ नव्हती. आयुष्यात प्रथमच त्याला रडू आले. शालन त्याच्या खांद्यावर भार टाकून तीच चाळीस पावले चालली. बोळाच्या तोंडाशी शिंप्याच्या भाच्याचा टेंपो होता. दवाखाना वेळेत गाठला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

चौथ्या दिवशी बाळ घरी आले. विहीणबाई पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "नाजूकच आहे हो. चार बोटं मोठी असती, तर बरं वाटलं असतं."

बाळाला न्हाऊ घालायला बोलावलेल्या यशोदाबाई न्हाणीत पाटावर पाय पसरून बसल्या. बाळाला पायांवर घेतले. तांब्या उचलला. तोच केरबा धावत आला आणि न्हाणीच्या दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"पाणी लावू नका!"

"अहो, झालं काय?" अनुसया ओरडली.

"आधीच चार बोटं कमी आहे," केरबा कळवळून म्हणाला, "आणि हात लावून पाहा, मऊ आहे. आटेल!"

ही गोष्ट सांगणारे शेवटी हटकून म्हणतात, की पुढे केरबाने थोरली चिमणी विकून टाकली. हे चूक आहे. विकायची तर ती आधी बोळातून बाहेर यायला हवी, आणि मिस्त्री म्हणतो, पुन्हा कापली तर उभी राहायची नाही. ती अंगणातच आहे. नात तिच्यात भातुकली मांडते. ऐसपैस.