झाड म्हणतं, मी थकलं

बकुळाची आई दुसऱ्याच्या बागेत दिवसभर पाणी घालायची. संध्याकाळी घरी आली की भिंतीला टेकून बसायची. "भूक नाही गं," म्हणायची आणि भाकरी तशीच झाकून ठेवायची. आधी ती कामावरून गुणगुणत यायची. आता हसूही आटलं होतं. बकुळाचा जीव तुटायचा. आईने दोन घास खावेत म्हणून ती गाणी रचायची, पण प्रत्येक गाण्यात आपलं तेच, 'मी रुसले, मी रडले, मी, मी, मी!' आई ऐकता ऐकता पेंगायची.

एका दुपारी त्याच बागेत मोगऱ्याच्या पानावर तिला एक चिमुकली परी दिसली. चंदेरी पंख, गुलाबी झगा, सगळं कसं चमचमतं! पण बिचारी उडून उडून अगदी मेटाकुटीला आली होती. बकुळाने ओंजळभर पाणी पुढे केलं.

"गुणाची गं बाय माझी," पाणी पिऊन परी म्हणाली. "तीनदा तुला हवं ते होता येईल. पण जे होशील, त्याच्यासारखंच बोलायचं. मध्येच बकुळा बोलली, की खेळ मोडला!"

बकुळा आधी बागेतला पाण्याचा पाट झाली. "मी धावतो, मातीला भेटतो," ती खळखळली. छान जमलं.

मग ती पेरूचं झाड झाली. फळांनी फांद्या इतक्या जड, की तोंडून निघून गेलं, "अगं बाई, मी थकले!" झालं! बकुळा धपकन खाली.

"झाड कधी 'थकले' म्हणतं का, वेडाबाई?" परी हसली. "झाड म्हणतं, मी थकलं."

आता एकदाच. राणी व्हावं? की मोर? पलीकडे आई कळशी घेऊन वाकली होती.

"मला आई कर," बकुळा म्हणाली.

खांद्यात कळ आली. पोटात भुकेने खड्डा पडला. "मी थकले," तिच्या तोंडून गेलं आणि ती दचकली. पण खेळ मोडला नाही. आईचाही शब्द तोच होता. आणि त्या थकलेल्या मनात एकच घोकणं चाललं होतं, 'माझी भाकरी राहिली, तर सकाळी पोरीला होईल.'

संध्याकाळी, पुन्हा बकुळा होऊन, तिने नवं गाणं म्हटलं.

"पाट म्हणतो, मी धावलो,
झाड म्हणतं, मी थकलं.
आई म्हणते, भूक नाही;
लेकीसाठी ताट झाकलं."

आई ताठ बसली. "हे तुला कुणी सांगितलं गं?"

"तूच."

आईचे डोळे भरून आले. दारात सोनेरी उजेड लखलखला आणि परी त्यात विरून गेली. आईने भाकरीचे दोन तुकडे केले. पहिला घास खाता खाता ती गुणगुणू लागली.