खारीची पुढची पदवी

बालमित्रांनो, सागाच्या एका दाट रानात एक तरुण खार राहत असे. मैनेच्या शाळेतून तिने हिशेबाची पहिली पदवी घेतली होती. किती आले, किती गेले, किती उरले हे सारे तिच्या जिभेवर असे, आणि ते तसे आहे हे ती कोणाला विसरूही देत नसे. सकाळी कोणी सहज "काय गं, बरी आहेस ना?" म्हटले, तरी ती कालच्या बोरांतून आजची बोरे वजा करून दाखवी. शेजारपाजारचे तिला पाहून वाट बदलत, पण मनातून सर्वांना तिचे कौतुक होते.

त्या रानात सर्वांचे मिळून एक कोठार होते. म्हाताऱ्या अर्जुनवृक्षाचे खोड आतून पोकळ झाले होते. उन्हाळाभर प्रत्येकाने मोहाची फुले, चारोळ्या, सुकलेली बोरे आणायची आणि वरच्या ढोलीच्या तोंडातून आत टाकायची. पावसाळ्यात त्याच तोंडातून काढून वाटायची. जुन्याच्या डोक्यावर नवे, अशी पिढ्यानपिढ्यांची रीत होती. पण एका वर्षी विपरीत घडले. साळिंदर कोठाऱ्याने "काठोकाठ भरलं आहे" असे सांगितले होते, तरी भर श्रावणात वाटप थांबले. खाली नुसता काळा चिखल हाताला लागला. हरणांची पाडसे उपाशी निजली. कोणी म्हणाले चोरी झाली, कोणी म्हणाले नजर लागली.

तेव्हा रानाचा मुखिया असलेल्या अस्वलाने सभेत सांगितले, "साळिंदरराव आता थकले आहेत. पुढच्या वैशाखात नवा कोठारी नेमू. पण तो हिशेबाची वरची पदवी घेतलेलाच हवा. पुन्हा पिल्लांच्या पोटाशी खेळ नको!"

खारीने कान टवकारले. खारींच्या कुळात आजवर कोणी कोठारी झाले नव्हते. दाणे आणावेत खारींनी आणि हिशेब करावा दुसऱ्यांनी, असेच चालत आले होते. तिच्या आत्याने त्याच संध्याकाळी सगळी भावकी गोळा केली. शिकणारी खार दाणे वेचणार कधी? म्हणून प्रत्येक घरट्याने आपल्या तोंडचा घास थोडा कमी करून तिला वर्षभर पोसायचे ठरले. "एकच वर्ष हं, पोरी," आत्या म्हणाली, "दुसऱ्यांदा आमच्याने होणार नाही. शाळा नीट बघून निवड."

नीट बघून म्हणजे कशी, हे मात्र आत्याने सांगितले नाही. मोठी माणसे बहुधा सांगत नाहीत.

खार आधी पोपटाकडे गेली. कोणत्या शाळेत नाव घालावे याचा सल्ला देणे हाच पोपटाचा धंदा होता. तो म्हणाला, "मोराचं विद्यापीठ! एकदम पहिला नंबर! डोळे मिटून जा!" खारीने विचारले, "आणि दुसरा नंबर?" पोपटाने पेरूचा लचका तोडला आणि म्हणाला, "अगं, दुसरा कशाला हवा? हा पेरू बघ किती गोड आहे. मोराकडूनच आलाय." खारीने पेरूकडे पाहिले, पोपटाकडे पाहिले आणि ती झाडावरून उतरली.

मोराचे विद्यापीठ टेकडीवर होते. काय तो थाट! आवारात पांढऱ्या वाळूवर लाल गुंजा आणि काळ्या बिया मांडून हिशेबाची सुरेख नक्षी काढलेली. पदवी मिळालेल्यांच्या शेपटीत एकेक मोरपीस खोवलेले. खारीचे डोळे दिपले. मोराने मान वळवून विचारले, "तुझा स्वतःचा साठा सांग पाहू."

खारीला हेच हवे होते. तिने एका दमात सांगून टाकले, "करंजाखाली चारोळ्या, मोठ्या दगडाच्या कुशीत बोरं, वारुळापलीकडे चिंचोके, ओढ्याकाठी टोळंब्या, म्हणजे मोहाच्या बिया. सगळं स्वतः पुरलंय, सगळं लक्षात आहे!"

"वाहवा!" मोराने पिसारा फुलवला. "किती ओघवतं! अशीच विद्यार्थिनी आम्हाला हवी. पलीकडच्या रानातल्या सिंहाच्या दरबारात बोलायला लावीन तुला. उद्याच ये."

खार हवेतच तरंगत परत निघाली. वाटेत ऐनाचे एक वाळलेले झाड होते आणि त्यावर सुतारपक्षी टकटक करत बसला होता. त्याच्याकडेही हिशेबाची वरची पदवी मिळते, असे तिने ऐकले होते. पाटी नाही, आवार नाही, नक्षी नाही. पाच-सहा विद्यार्थी खोडाला कान लावून बसले होते आणि कोणाच्याच चेहऱ्यावर हसू नव्हते. खारीने नाक मुरडले. पण पाहायचे ठरवले आहे तर दोन्ही पाहू, असे म्हणून ती थांबली.

"काय शिकवता आपण?" तिने विचारले.

"पडताळणी," सुतारपक्षी म्हणाला. "आधीच सांगतो, कंटाळवाणं काम आहे. डोकं दुखतं. काही जण मध्येच सोडून जातात. दरबारात हिशेब मांडायचा असेल तर मोराकडे जा. मांडणी त्याच्याइतकी कोणी शिकवत नाही."

खारीला नवल वाटले. आपल्याच दुकानातून गिऱ्हाईक परत पाठवणारा हा पहिलाच भेटला होता! तरी जाता जाता तिने आपला साठा त्यालाही घडाघडा म्हणून दाखवला. ती शाबासकीची वाट पाहू लागली.

सुतारपक्षी म्हणाला, "बरं. आता जा आणि उकरून बघ."

"म्हणजे? मी पुरलंय ना ते!"

"म्हणूनच."

खार तरातरा करंजाखाली गेली. तिने माती उकरली. चारोळ्यांना केव्हाच मोड फुटून त्यांची इवली इवली रोपे झाली होती. दगडाच्या कुशीत बोरांच्या बियांना भोके पडली होती. आत किडे सुखाने नांदत होते. चिंचोके वारुळातल्या मुंग्यांनी कधीच हलवले होते. ओढ्याकाठी तर काठच उरला नव्हता. जगातल्या सगळ्या खारी जी चूक करतात, तीच तिने केली होती. पुरले म्हणजे उरले, असे ती धरून चालली होती. तिचे तोंड एवढेसे झाले. पहिल्या पदवीचा सगळा तोरा त्या मातीत गेला आणि तिला खरेच रडू आले.

पण रडता रडता ती थांबली. तिच्या मनात आले, 'मी दोघांनाही तेच सांगितलं. एकाने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याने मला इथे पाठवलं. कोठाराला टाळ्या लागतात की हे लागतं?' तिने डोळे पुसले आणि सुतारपक्ष्याकडे नाव घातले.

घरी आत्याने कपाळाला हात लावला. "अगं, लाकूड ठोकायला शिकायला आम्ही पोटाला चिमटा काढायचा? त्या वानरालाही कोठारी व्हायचंय, त्याने बघ मोराकडे नाव घातलं!" भावकीतल्या दोन मावश्या तर तिच्याशी बोलेनाशा झाल्या. खारीलाही रात्र रात्र वाटे, आपण सगळ्यांचा घास वाया तर घालवत नाही ना? पण सकाळ झाली की ती ऐनावर हजर असे. कशाला हात लावून पाहायचे, कशाचा वास घ्यायचा, भरलेल्या खोडाचा आवाज कसा आणि कुजलेल्याचा कसा, हे ती शिकत गेली. डोके दुखेच. सुतारपक्षी त्याबाबतीत खोटे बोलला नव्हता.

वैशाख आला, तोवर खारीला वरची पदवी मिळाली होती. सारे रान अर्जुनाखाली जमले. अस्वल म्हणाले, "कोठार भरत आणलंय. पावसाळा निघेल की नाही, सांगा."

वानर पुढे झाले. शेपटीत मोरपीस, चालण्यात ऐट. ते वर चढले, ढोलीत डोकावले, खोडाची उंची मापली आणि खाली येऊन वाळूवर अशी देखणी नक्षी काढली की साळिंदराच्याही डोळ्यांत पाणी आले. "काठोकाठ!" वानर म्हणाले. "दिवाळीपर्यंत खा!" सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. आत्याने मान खाली घातली.

मग खार निघाली. ती थेट ढोलीकडे गेलीच नाही. ती बुंध्यापाशी गेली, खोडावर टकटक करत, कान लावत हळूहळू चढू लागली. कोणीतरी फिदीफिदी हसले. वरच्या भागात टणक, भरीव आवाज येत होता. खाली मात्र भद्द, भद्द. खाली येऊन तिने पुन्हा ऐकले, फटीशी नाक नेऊन वास घेतला आणि ती वळली.

"मुखियासाहेब, कोठार अर्धंच आहे. खालचं सगळं कुजलंय. इथे बुंध्याला भोक पाडू द्या, दाखवते."

"भोक? कोठाराला?" सभेत एकच गलका झाला. "दाणे सांडतील! वाळवी लागेल!" वानर हसून म्हणाले, "बाईसाहेबांना सुतारकामाची फार हौस!"

अस्वलाने विचारले, "आणि तुझं चुकलं तर?"

 खार ठाम आवाजात म्हणाली, "तर या पावसाळ्यात खारींच्या वाट्याचा एक दाणाही आम्ही मागणार नाही."

भावकीच्या तोंडचे पाणी पळाले. आत्या ओरडणार, तोच अस्वलाने पंजा वर केला. "पाड भोक."

खारीने बुंध्याला दात लावले. कुर्रर्र, कुर्रर्र. सारे रान श्वास रोखून पाहत होते. भुसा उडत राहिला. आणि एकाएकी त्या भोकातून काळे, आंबलेले, घाण वासाचे पाणी भळभळून बाहेर आले! त्यामागून चिखल, चिखलामागून वाळवी. सभेने नाकाला हात लावले आणि अस्वल चार पावले मागे सरले.

"चोर कोणीच नव्हता," खार म्हणाली. "आपण दरवर्षी जुन्यावर नवं टाकत गेलो. तळ कोणी पाहिलाच नाही. गेल्या श्रावणात तळ लागला असं आपल्याला वाटलं. तो तळ नव्हता, आपलंच कुजलेलं धान्य होतं."

 मग हरिणी पुढे आली. तिचीच पाडसे गेल्या वर्षी उपाशी निजली होती. तिने सगळ्यांसमोर खारीपुढे मान लववली. आणि जो जयजयकार उठला, तो टेकडीपलीकडे ऐकू गेला! साळिंदराने स्वतः येऊन कोठाऱ्याची जागा तिला दिली. आत्या तर शेपूट नाचवत झाडाझाडावर सांगत सुटली, "आमची आहे ती! आमची!"

पावसाला अजून वेळ होता. जांभळे, करवंदे झाडांवर होती. खारीने तळ उपसवला, खोड उन्हात सुकवले, आणि खालच्या भोकाला दार बसवून जुने आधी काढायची नवी रीत घातली. वानराला तिने आपल्या हाताखाली घेतले; सभेत हिशेब मांडून दाखवावा तो त्यानेच, आणि ही गोष्ट खार मनापासून मान्य करत असे.

त्या श्रावणात रानात एकही पिल्लू उपाशी निजले नाही. कोठाराच्या दारात खारींच्या कुळातली पहिली कोठारीण ताठ उभी होती, आणि पाडसांची रांग पोटभर खाऊन उड्या मारत घरी जात होती.

तात्पर्य : पुढचे शिक्षण निवडताना जिथे आपली वाहवा होते ती जागा नव्हे, तर जिथे आपली चूक आपल्याच हातांनी उकरायला लावतात ती जागा निवडावी.