सांज आणि रुसवी

एकदा एका उंच डोंगरी दरीत नूपराम नावाचा माणूस आपली सफरचंदाची बाग तोडायला निघाला. बाग वडिलांच्या हातची होती आणि वडील गेल्यावरही ती बरीच वर्षे फळत राहिली होती. पण बर्फाची रेघ दरवर्षी डोंगरावर थोडी थोडी वर सरकत गेली आणि हिवाळे कोवळे झाले. पुरेशी थंडी न मिळालेली झाडे वसंतात अर्ध्या झोपेतून उठल्यासारखी चार फुले दाखवून गप्प बसू लागली. चेरीला एवढी थंडी लागत नाही, असे दरीत सगळेच म्हणत. नूपरामनेही मनाशी ठरवले, आता चेरीच लावायची.

चेरीचा विषय निघाला की त्या दरीत एकाच माणसाचे नाव पुढे येई. नदीपलीकडच्या चढावर एक वृद्ध बागवान राहत. त्यांचे खरे नाव कधीच मागे पडले होते, लहानथोर सगळे त्यांना ताया म्हणत. त्या मुलखात वडिलांच्या थोरल्या भावाला ताया म्हणतात. हे वृद्ध गृहस्थ जणू सगळ्या दरीचेच थोरले काका होते. त्यांच्या बागेत चेरीच्या अकरा जाती होत्या आणि अकराही त्यांनी आपल्या हाताने कलम करून वाढवल्या होत्या.

नूपराम त्यांच्याकडे गेला, पाया पडला आणि म्हणाला, "ताया, चेरी लावायची आहे. जात कोणती निवडू?"

"फुलं येतील तेव्हा ये," ताया म्हणाले. "झाडाखाली बसून पाहू."

"फुलं काय खायची आहेत, ताया? मी फळांच्या वेळीच येतो."

ताया हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी नूपरामकडे क्षणभर जास्त पाहिले, एवढेच.

ज्येष्ठात तो गेला आणि वीस दिवस तायांच्या बागेतल्या लाकडी खोपटात राहिला. ते दिवस त्याला पुढे कायम स्वप्नासारखे आठवत राहिले. सकाळी दरीतून ढग वर येई आणि बागेत शिरे. मग झाडे दिसेनाशी होत, नुसती फळे दिसत. लाल, शेंदरी, पिवळी, जांभळी फळे पांढऱ्या हवेत कशालाही न टांगता टांगल्यासारखी. नूपराम त्या ढगातून हात पुढे करी, एक फळ तोडी, डोळे मिटून चाखी आणि पुढच्या झाडाकडे जाई. एखादी जात रसाळ असे, पण पावसाची एक सर आली की तिची साल उकले. दुपारी कान दिला तर तो उकलण्याचा बारीकसा आवाजही येतो, असे त्याला वाटे. एखादी गोड असे, पण पाखरेच तिला आधी संपवत.

दहाव्या दिवशी त्याने सांज चाखली. काळोखाआधीच्या आकाशासारखा तिच्या सालीचा रंग होता, म्हणून लोकांनी तिला सांज म्हटले. फळ घट्ट, भरलेले, पावसात न तडकणारे. दाताखाली फुटताच गोडीच्या मागोमाग किंचित कडवट असे काहीतरी आले, आणि नूपरामला उगाचच वडिलांची आठवण झाली. त्याने डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला आपला उतार दिसला, वरपासून खालपर्यंत सांजेनेच भरलेला.

त्यानंतर त्याने बाकीची झाडे केवळ रीत म्हणून चाखली. शेवटी बांधाकडेला एक वेडेवाकडे झाड होते. त्याची फळे बारीक, फिकट आणि इतकी आंबट होती की तोंड आपोआप रुसल्यासारखे होई. त्या जातीचे नावच रुसवी होते. नूपरामने ती थुंकून टाकली.

"ठरलं, ताया. सांज. साठ रोपं मावतील माझ्या उतारावर. साठही सांजेचीच द्या."

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात कलमे तयार झाली. ताया ओलसर गोणपाटात मुळे गुंडाळून देत होते. साठ झाल्यावर त्यांनी आणखी सात रोपे वेगळी बांधून पुढे केली.

"ही रुसवीची. सांजेच्या मधे मधे लाव."

"मला ही नको होती, ताया."

"नको असू देत. लाव."

गुरूसमोर वाद नको म्हणून नूपरामने ती घेतली. पण घरी येऊन खड्डे मोजले तर ते नेमके साठच होते. सात रुसव्यांसाठी सात सांजा कमी करायच्या? त्याचे मन होईना. त्याची बायको खिमी गोणपाट सोडता सोडता म्हणाली, "सातच तर आहेत. तायांनी दिलीत तर काही विचार करूनच दिली असतील."

"तुला काय कळतं त्यातलं?" नूपराम म्हणाला.

रुसवीची सात रोपे घरामागे भिंतीला टेकून राहिली. वसंत येईपर्यंत त्यांची मुळे वाळली आणि एका थंड सकाळी ती चुलीत गेली.

त्या वर्षी देवाच्या जत्रेत ताया भेटले. "सातही लावलीस ना?" त्यांनी विचारले.

"लावली, ताया," नूपराम म्हणाला. शब्द तोंडातून सहज निघून गेले. नंतर मात्र तो तायांच्या घराकडे जाईनासा झाला.

पाच वर्षांनी बाग फुलली. एका सकाळी दार उघडले तर बाहेर बर्फ पडल्यासारखे वाटले, पण हवेत ऊब होती. साठ झाडे, साठही एकाच दिवशी, एकाच पांढऱ्या रंगात. नूपराम आणि खिमी बराच वेळ त्या पांढऱ्यात हिंडले. दोघेही हळू आवाजात बोलत होते, जणू मोठ्याने बोलले तर बहर जागा होऊन उडून जाईल.

आठ-दहा दिवसांत पाकळ्या गळल्या. देठांच्या टोकाशी हिरवे बारीक मणी धरल्यासारखे दिसले. मग तेही पिवळे पडले आणि एकेक करून मातीत निजले. ज्येष्ठ आला तेव्हा साठ झाडांवर मिळून ओंजळभरही फळ नव्हते.

नूपरामचे तीन मित्र होते. त्याच्याच सांगण्यावरून त्यांनीही आपापल्या बांधांवर सांज लावली होती. तो त्यांच्याकडे गेला. "वाऱ्यानं झालं असेल का रे?" त्याने विचारले. "वाऱ्यानंच," तिघेही म्हणाले. पुढच्या वसंतात पुन्हा तसाच बहर आला आणि तसाच गळाला. "या वेळी दंव पडलं होतं," नूपराम म्हणाला. "दंवच," तिघांनी मान डोलावली. तो समाधानाने घरी यायचा आणि झाडाखाली उभा राहिला की ते समाधान विरून जायचे.

खिमी एकदाच म्हणाली, "तायांना विचारा."

पण ताया म्हटले की ते जत्रेतले जुने संभाषण उभे राही आणि नूपरामचा पाय उंबऱ्यातच अडे. त्याने मनाशी एक निश्चय केला. हा तिसरा बहरही वाया गेला तर झाडे तोडायची आणि खाली मैदानात, शहरात, चुलत भावाने सांगितलेली रखवालदाराची नोकरी धरायची. खिमीला त्याने हे सांगितले नाही. पण तिने त्याला पडवीत कुऱ्हाडीला धार लावताना पाहिले, आणि वडिलांच्या वेळची प्रवासाची जड पेटी माळ्यावरून काढताना पाहिले. तिला सांगावे लागले नाही.

तिसऱ्या वसंतात बहर उमलला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळच्या धुक्यात, नूपरामला खालच्या वाटेने एक झाड चालत येताना दिसले. पांढऱ्या फुलांनी लगडलेले झाड, हळूहळू, थांबत थांबत चढ चढत होते. तो डोळे चोळत पुढे गेला. झाडाखाली ताया होते. पाठीवरच्या निमुळत्या टोपलीत त्यांनी फुललेल्या फांद्या दाटीवाटीने खोवल्या होत्या, आणि त्या त्यांच्या डोक्याच्याही वर गेल्या होत्या.

नूपराम पाया पडायलाही विसरला. ताया धाप लागून एका दगडावर बसले आणि म्हणाले, "घरात असतील तेवढी भांडी आणा. लोटे, कळशा, डबे, काय वाटेल ते. पाणी भरून."

खिमी धावली. ताया उठले. त्यांनी एकेका भांड्यात फुलाची एकेक फांदी ठेवली आणि दोरीने ती भांडी झाडांच्या फांद्यांमध्ये टांगायला लावली. इकडे पितळी लोटा, तिकडे तुपाचा रिकामा डबा. आधीच फुलांनी ओथंबलेल्या झाडांत आणखी फुले! नूपरामला वाटले, एक तर हे वयाने भरकटले आहेत, नाहीतर हा कुठल्यातरी देवाचा विधी आहे.

"ताया, या झाडांना फुलं काय कमी आहेत?" तो शेवटी म्हणाला. "यांना फळ नाही. आणि ही फुलं तरी कसली?"

"रुसवीची," ताया म्हणाले.

नूपरामची मान खाली गेली.

ऊन धुक्यातून खाली उतरले. पहिली मधमाशी आली, लोट्यातल्या फुलावर बसली आणि तिथून सांजेच्या फुलावर गेली. मग दुसरी आली. मग सगळा उतारच गुणगुणू लागला. तो आवाज ऐकत ताया बराच वेळ डोळे मिटून उभे होते. नंतर ते शांतपणे बोलू लागले.

"सांजेला स्वतःचा पराग चालत नाही, नूपराम. मधमाशीनं तो कितीही आणून घातला तरी फूल तो स्वीकारत नाही. तू म्हणशील, एका झाडाला दुसऱ्याचा मिळेल की. पण दुसरं झाड आहे कुठे? ही सगळी कलमं. एकाच झाडाच्या काड्या. तुला वाटलं आपण साठ झाडं लावली. तू एकच झाड साठ ठिकाणी उभं केलंस. त्यांनी एकमेकांना जे दिलं, ते ज्याचं त्याच्यापाशीच होतं. रुसवी आंबट आहे, तिला कुणी खात नाही. पण तिचं जे आहे ते सांजेपाशी नाही. सांजेची गोडी सांजेचीच राहते, रुसवीमुळे ती आंबट होत नाही. फक्त रुसवीवाचून सांज फळ धरत नाही."

"तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"फुलांच्या वेळी ये म्हटलं होतं. तिथे दाखवलं असतं. सांगण्यात माझीही चूक झाली, नुसतं 'लाव' म्हणालो. म्हातारपणी माणसाला वाटू लागतं की आपला शब्द पुरतो."

नूपराम आता त्यांच्या पाया पडला. "ताया, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"ठाऊक आहे. मला जवळचं दिसत नाही, पण लांबचं अजून दिसतं. रुसवी सांजेच्या तीन दिवस आधी फुलते. दोन वसंत मी माझ्या ओट्यावरून या उताराकडे पाहत होतो. आधीचे ते सात पांढरे ठिपके काही दिसले नाहीत. वाटलं, तू येशील. तू आला नाहीस. या वर्षी गुडघे म्हणाले, आता आम्हीही फार वाट पाहणार नाही. म्हणून आलो."

त्यांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. खिमीने दिलेला चहा घेतला आणि ते रिकाम्या टोपलीने उतरून गेले.

चार दिवस नूपराम आणि खिमी त्या भांड्यांत पाणी घालत राहिले. त्या चार दिवसांत नूपरामला आपली दोन वर्षे पुन्हा पुन्हा आठवली. वारा म्हटले तर वारा म्हणणारे, दंव म्हटले तर दंव म्हणणारे मित्र. ते वाईट नव्हते. पण त्यांच्या तोंडून तो आपलेच बोलणे ऐकून येत होता. आणि जिथून वेगळे काही आले होते, तिथे तो "तुला काय कळतं" म्हणाला होता.

ज्येष्ठात फळ आले. सगळ्या झाडांवर नाही. जिथे भांडी टांगली होती त्या आणि त्यांच्या शेजारच्या मिळून एकोणीस झाडांवर, घोसाघोसांनी. पहिले फळ नूपरामने खिमीच्या हातावर ठेवले. तिने ते तोंडात घातले आणि डोळे मिटले. नूपराम तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. आपण मिटल्या डोळ्यांनी जे पाहिले होते, तेच तिला दिसत असेल असे त्याला आता वाटले नाही. तिचे ती काहीतरी वेगळेच पाहत असेल.

"काय दिसतंय?" त्याने विचारले.

"सांगेन," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

हिवाळ्यात तायांकडून रुसवीची सात कलमे आली. ती आणायला नूपराम स्वतः गेला होता आणि दोन दिवस तायांच्या ओट्यावर राहून आला होता. लावायच्या दिवशी त्याने कुदळ खांद्यावर घेतली, पण खड्डा खणायच्या आधी तो थांबला.

"पहिली कुठे लावू या?"

खिमीने उतारावरून नजर फिरवली आणि वरच्या कोपऱ्याकडे बोट केले. नूपरामच्या मते ती जागा अगदीच चुकीची होती. तिथे वारा लागतो, हे त्याच्या जिभेवर आलेही होते. ते त्याने गिळले.

"का बरं तिथे?" त्याने विचारले, आणि कुदळ जमिनीला टेकवून ती काय सांगते ते ऐकत उभा राहिला.