आधण कशाला म्हणावं

दुष्काळात संस्थानानं अन्नछत्र उघडलं खरं, पण कारभारी त्र्यंबकपंतांनी कोठीतले तांदूळ दाबून ठेवले. राणीसाहेब पाहणीला येणार म्हणताच त्यांनी नुसत्या पाण्याचे हंडे चुलीवर चढवले आणि आचारीण गोदाक्काला दरडावलं, "विचारलंच तर 'आधण ठेवलंय' एवढंच म्हणायचं. जास्त बोललीस तर उद्यापासून इथं दिसायचं नाही!"

बाहेर माणसं सकाळपासून पत्रावळी पुढे घेऊन बसली होती. गोदाक्का आतल्या आत धुमसत होती.

राणीसाहेब आल्या. "हंड्यात काय आहे गं?"

"गरम पाणी, सरकार."

पंत कडाडले, "मूर्ख बाई! भाताच्या हंड्यात पाणी उकळलं की त्याला आधण म्हणतात, एवढंही कळत नाही?"

गोदाक्कानं पदर खोचला. "पंत, चाळीस वर्षं भात शिजवतेय मी. तांदूळ वैरायचे असले तर ते आधण. वैरायला दाणाच नसला तर ते आंघोळीचं पाणी. बोला, तांदूळ काढताय, की तुमच्यासाठी घंगाळ भरू?"

राणीसाहेबांनी पंतांपुढे हात केला. पंतांनी कमरेची कोठीची किल्ली त्यात ठेवली, आणि तेव्हा कुठे हंड्यातल्या पाण्याचं आधण झालं.