राजानं धरला जात्याचा खुंटा

विहिरीतून जिता वर काढलेल्या गेनूला रणधवल राजानं काय द्यावं? कोरडी घोंगडी? वाटीभर ऊन पेज? छे! चाबकाचे फटके!

दवंडीच तशी होती. 'ह्या राज्यात सगळे सुखी आहेत. जो दुःखी दिसेल त्यानं राजाची अब्रू घालवली. त्याला फटके!' झालं! दुसऱ्या दिवसापासून जो तो दात काढून फिरायला लागला. दाढ दुखणारा हसायचा, मयताला गेलेला हसायचा. तात्याजी प्रधान तर झोपेतही हसायचे म्हणे! बायको भिऊन माजघरात निजायला गेली.

गेनूला तेवढं जमलं नाही. बायको तापानं गेली तेव्हापासून त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. आणि एक दिवस विहिरीत उडी! शेजाऱ्यांनी दोर टाकून वर काढला, आणि शिपायांनी त्याच दोरानं बांधून दरबारात नेला.

गेनूची थोरली बहीण चांगुणा राजवाड्यात भांडी घासायची. तिला कळलं तशी ती राखेच्या हातानंच दरबारात घुसली.

"महाराज, मरायला निघालेल्याला मारून तुम्ही जगवणार हाय का?"

"कोण गं तू?"

"तुमचं ताट घासते मी. रोज भरलेलं परत येतंय बघा, तेच."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "ताटाचं सोड! तुझ्या भावाला फटके बसणारच! माझ्या राज्यात दुःखी तो एकटाच. कोण आहे का रे दुःखी?"

"नाही महाराज!" सगळ्या दरबारानं बत्तीशी दाखवली.

"बघितलंस? ह्या दरबारातला एक जरी माणूस दिवस मावळायच्या आत आपल्या तोंडानं 'मी दुःखी आहे' म्हणाला, तर गेनूला सोडतो. पण धाक घालायचा नाही, दारू पाजायची नाही!"

"आणि जो म्हणंल त्याला?"

"फटके!"

दरबार खदाखदा हसला. आता कोण म्हणतोय!

चांगुणानं राखेचे हात पदराला पुसत सगळ्यांकडं बघितलं. हे सगळे फटक्याला भिणार. न भिणारा इथं एकच माणूस होता.

"बरं तर," ती म्हणाली, "मला एक जातं द्या आन् सूपभर जोंधळे."

"आता दळणार तू?"

"रिकामं बसून दिवस मावळायची वाट कशाला बघायची? पण राजवाड्यातलं जातं थोरलं, एकटीला ओढंना. समोर कुणीतरी बसा की हो! प्रधानजी?"

"मी? बाईमाणसाचं काम!" तात्याजी हसत हसत खांबाआड गेले. सेनापतीनं मिशीला पीळ दिला आणि एकाएकी त्याचा खांदा दुखायला लागला.

"राहू द्या," चांगुणा म्हणाली. "गडीमाणसाच्या अंगात तेवढी ताकद नसती. महाराजांच्यानं बी व्हायचं न्हाई."

"काय म्हणालीस?" राजानं शेला भिरकावला, मांडी ठोकून बसला आणि धरला खुंटा!

"थांबा! जात्याची रीत हाय. बाकीच्यांनी पाठ फिरवायची. आपण मान वर करायची न्हाई, दाण्याकडं बघायचं. आन् मुकं बसायचं न्हाई, मनातलं बोलायचं."

सगळा दरबार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. घर्र घर्र घर्र! जातं फिरायला लागलं.

"काय बोलू?" राजा पुटपुटला.

"काय बी. आमी सासूला शिव्या देतो."

"मला सासू नाही. ...पाठ अवघडली."

"ती अवघडतीच. पुढं?"

"जेवणाला चव नाही."

"मूठभर दाणे टाका. पुढं?"

राजानं एका हातानं दाणे टाकले. खुंटा मात्र फिरत राहिला. "राणी म्हणायची, तुम्ही घोरता. रोज कोपरानं ढोसायची. मी चिडायचो. आता रात्रभर घोरतो, पण ढोसायला कोणी नाही गं."

चांगुणानं मान वर केली नाही. तिनं जात्याला वेग दिला. घर्रर्र घर्रर्र!

"ऐकू येईना महाराज! काय म्हणालात?"

"म्हणालो, कोणाला सांगता येत नाही!"

"मोठ्यानं!"

"सगळे नुसते दात काढतात!" राजा त्या घरघरीवर ओरडायला लागला. "मी... मी..."

चांगुणानं खुंटा गच्च धरला. जातं जागच्या जागी थांबलं.

"मी लई दुःखी आहे गं!"

चिडीचूप दरबारात ते असं घुमलं की वळचणीचे पारवे उडाले!

भिंतीकडं तोंड केलेल्या दरबाराला घाम फुटला. तात्याजी वळले ते हसायचंच विसरले. राजाच्या मिशा पिठानं पांढऱ्या झालेल्या, आणि त्यांतून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं.

"बाई," राजा म्हणाला, "माझ्याच दवंडीत मला धरलंस! गेनू सुटला. पण आता फटके मला! नाही दिले तर राजाचा शब्द गेला. दिले तर कोणाच्या हातानं?"

"फटक्यानं दुखणं बाहेर निघत असतं महाराज, तर तुमच्या गाड्याचे बैल आजवर नाचत सुटले असते! दवंडी बदला. जो दुःखी असंल त्याला शिक्षा दळणाची! आन् एकट्यानं न्हाई, जोडीनं. आमा बायांना जातं तरी हाय. गडी मिशीला पीळ देतो आन् विहिरीकडं जातो."

"जोडीला कोण बसेल माझ्या?"

"गेनू हाय की! त्याची बी ढोसणारी गेली."

राजा हसला. दात काढून नव्हे, पोट धरून, पीठ उडवत! गेनूचे दोर सोडले. आधी त्याला ऊन पेज दिली, मग राजानं त्याला हाताला धरून समोर बसवलं. चांगुणाच्या अंगावर राजानं आपला शेला घातला आणि हुकूम सोडला: गावोगावच्या चावडीत गड्यांसाठी एकेक जातं, आणि त्या सगळ्यांवर कारभारीण चांगुणा!

"कारभारीण," तात्याजी खाली मान घालून हळूच जवळ आले, "आमच्या घरचं पीठ जरा संपलंय..."

त्यांच्या पाठीमागं सेनापती उभा होता. त्याच्याही घरचं संपलं होतं. आणि पाठीमागं बघितलं तर सगळ्या दरबाराच्या घरचं पीठ त्याच दिवशी संपलं होतं!