नेच्यांचं दुपारचं पाणी

"चिलटं मारली तर पाप लागतं का, माई?"

माई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "किती मारलीस?"

"छे! एकसुद्धा नाही. दीड महिना झाला. कडुलिंबाचा पाला जाळला, कापूर जाळला, लिंबाच्या साली ठेवल्या. पण मारलं एकही नाही."

"मग पापाची चौकशी कशाला?"

अच्युतरावांची सारी उमर हेडमास्तरकीत गेलेली. प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची कुठली!

आंबोलीतल्या माईंच्या या लहानशा मठात येऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. इथली रीत अशी, की नव्या माणसाला आधी उपदेश नाही, काम मिळायचं. अच्युतरावांच्या वाट्याला पडवीतल्या अकरा कुंड्या आल्या. सगळ्या नेच्यांच्या, झालरीसारखी लोंबती, हिरवीगार पानं. आता तीच पानं पिवळी पडत चालली होती, आणि ध्यानाला बसावं तर चिलटं सरळ नाकाडोळ्यांत.

"जातील हो सगळे नेचे." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या हातून... परत."

माईंनी वात बाजूला ठेवली.

"पाणी किती वेळा घालतोस?"

"तीन वेळा! सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला." छाती जरा फुगलीच बरं का. "दुपारचं तर एक दिवस चुकलेलं नाही."

"बाहेर धुकं किती आहे रे?"

"समोरचा फणस दिसत नाही."

"हं..."

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पहिल्या कुंडीशी बसल्या, अंबाड्यातला आकडा काढला आणि माती उकरली. आंबूस वास आला. चिखलात केसाएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"ही बघ तुझी पोरंबाळं."

"माझी?"

"मग काय माझी? वरून धूर करतोस आणि खाली पंगत वाढतोस. ओल्या मातीवर पोसलीत तू चिलटं."

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

"पेरभर माती सुकेपर्यंत पाणी बंद," माई म्हणाल्या. "दुपारचं सगळ्यात आधी बंद."

"ते नाही जमायचं."

"का?"

अच्युतराव उकरलेली माती उगाच बोटानं सारखी करू लागले.

"अच्युता."

"सुमती आजारी होती, माई. माझी बायको. उशाला पाण्याचं भांडं ठेवलं आणि मी शाळेत गेलो. तपासणी होती ना... संध्याकाळी आलो तर सगळं संपलेलं. भांडं भरलेलंच होतं. तिच्या हातापासून वीतभर लांब."

पडवीत चिलटं घोंघावत राहिली.

"सात वर्षं झाली. दुपारी मी पाण्याचा घोट घेत नाही. निदान या मुक्या जिवांना तरी..."

माईंनी समजूत घातली नाही. झारी उचलली, आत नेली आणि आपल्या खाटेखाली सारून दिली.

दुसऱ्या दिवसापासून अच्युतराव भर दुपारी कुंड्यांसमोर बसू लागले. हात मांडीखाली दाबून. करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच भारी कठीण होतं. चौथ्या दुपारी त्यांना रडू आवरेना. मोठ्यानं रडले, अगदी हुंदके देऊन. मठातल्या कुणी त्यांना हटकलं नाही.

सातव्या दिवशी चिलटं मोजकीच उरली.

नवव्या दुपारी त्यांनी मातीत बोट घातलं. पेरभर कोरडी. आणि सगळ्यात पिवळ्या पडलेल्या कुंडीच्या मधोमध, तान्ह्या बाळाच्या मुठीसारखा, गुंडाळलेला कोवळा कोंब!

चौसष्ट वर्षांचा माणूस धावत सुटला.

"माई! कोंब आलाय! जगला हो, जगला! आता घालू ना पाणी? कुठाय झारी?"

माई खाटेकडे वळल्याच नाहीत. त्यांनी माठातून फुलपात्र भरलं आणि अच्युतरावांच्या हातात दिलं.

ते पाण्याकडे बघत राहिले.

"पण माई... दुपार आहे."

"म्हणून तर," माई म्हणाल्या. "कुंडी थांबेल. आधी तू पी."